जुनी गाडी, नवा रंग : अस्सल कशाला म्हणायचं?



आमच्या पाचवीच्या वर्गात एक मुलगा आहे. त्याच्या वडिलांचं डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज आहे. परिसर अभ्यासाच्या तासाला 'जुन्या वस्तूंचं जतन' हा विषय निघाला, तेव्हा तो उभा राहून म्हणाला, "मॅडम, जुनी गाडी विकायची असली ना, की आधी पप्पांकडे आणतात. पुट्टी मारायची, रंग द्यायचा, सीट कव्हर बदलायचं. लगेच भाव वाढतो."

मी म्हटलं, "बरोबर आहे." नंतर त्याला एक प्रश्न विचारला, "पण एखादी गाडी अशी असेल का, की रंग दिल्यावर तिचा भाव कमी होईल?"

सगळा वर्ग हसला. "रंग दिल्यावर भाव कमी कसा होईल?"

त्या एका प्रश्नावर आमचे पुढचे तीन तास गेले. जुन्या स्पोर्ट्स कार हा काही आपल्या पाठ्यपुस्तकातला विषय नाही. आपल्यापैकी बहुतेकांनी त्या फक्त चित्रात पाहिल्या आहेत. तरीसुद्धा हा विषय वर्गात घेऊन बघा. इतिहास, विज्ञान, गणित, भाषा आणि मूल्यशिक्षण, सगळं त्यात आपोआप येतं. आणि शेवटी मला स्वतःलाच त्यातून एक धडा मिळाला, तोही सांगणार आहे.

आधी चार शब्द समजून घेऊ

मुलांशी बोलताना हे चार शब्द फळ्यावर लिहून घ्या. नाहीतर चर्चा भरकटते.

१) जतन – वस्तू आहे तशी सांभाळणं. धूळ पुसायची, पाण्यापासून वाचवायची, पण बदलायचं काही नाही.

२) दुरुस्ती – जे बिघडलं तेवढंच नीट करणं. तुटलेला बोल्ट बदलला, बाकी तसंच ठेवलं.

३) जीर्णोद्धार – वस्तू पूर्ण उघडून, जुनं काढून, ती नवी असताना जशी होती तशी पुन्हा करणं. गाड्यांच्या जगात याला रिस्टोरेशन म्हणतात.

४) प्रतिकृती – मुळातली वस्तू नाहीच, तिच्यासारखी दुसरी बनवणं.

मी मुलांना आजीच्या लुगड्याचं उदाहरण दिलं. घडी करून पेटीत ठेवलं तर जतन. फाटलं तिथे रफू केलं तर दुरुस्ती. काठ तेच ठेवून मधलं सगळं कापड नवं लावलं तर जीर्णोद्धार. दुकानातून तसंच दुसरं आणलं तर प्रतिकृती. एका मुलीने लगेच विचारलं, "मॅडम, काठ जुना आणि कापड नवं, तर ते आजीचंच लुगडं का?" हाच तर सगळ्या वादाचा मुद्दा आहे!

गाडी अस्सल आहे हे कसं ओळखतात?

आपल्याकडे गाडी घेताना आरसी बुकातला चेसी नंबर आणि इंजिन नंबर जुळवून बघतात. जुन्या स्पोर्ट्स कारची तपासणी इथूनच सुरू होते. कारखान्यातून गाडी बाहेर पडली तेव्हा तिच्यात जे इंजिन होतं, तेच आज आहे का? गिअरबॉक्स तोच का? बॉडी तीच का? हे सगळे नंबर कारखान्याच्या नोंदीशी जुळले, की त्या गाडीला 'मॅचिंग नंबर्स' म्हणतात. फेरारी कंपनीने तर यासाठी वेगळा विभागच सुरू केला. तो कंपनीच्या जुन्या नोंदी काढून गाडी तपासतो आणि प्रमाणपत्र देतो.

नंबरानंतर बारकावे बघतात. रंग कोणत्या प्रकारचा आहे? पत्रा कसा जोडला आहे? काचेवरचा शिक्का त्या काळातला आहे का? इटलीत १९५०-६० च्या सुमाराला अनेक गाड्यांची बॉडी कारागीर हातोडीने ठोकून बनवत. त्यामुळे डावी आणि उजवी बाजू मापाला तंतोतंत सारखी नसायची. आज कोणी अशी गाडी दुरुस्त करताना दोन्ही बाजू अगदी सारख्या केल्या, तर गाडी दिसायला चांगली होते, पण त्या कारागिराचा हात तिच्यातून पुसला जातो.

अमेरिकेत कॉर्व्हेट या स्पोर्ट्स कारची एक जुनी संघटना आहे. तिचे परीक्षक गाडीला गुण देतात. पण कशाचे? गाडी किती चकाचक आहे याचे नाही. ती कारखान्यातून निघाली तेव्हा जशी असेल, तिच्याशी किती जुळते याचे. कारखान्यात रंग घाईत मारलेला असायचा, कुठे संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत दिसायचा. तपासणाऱ्या कामगारांनी खडूने केलेल्या खुणा तशाच राहायच्या. मालकाने आरशासारखा गुळगुळीत रंग दिला तर गुण वाढायच्या ऐवजी कमी होतात! म्हणून काही लोक जीर्णोद्धार करताना त्या खडूच्या खुणाही पुन्हा काढतात.

इथे मुलांना विचारा : मुद्दाम काढलेली चूक ही खरी चूक असते का? आमच्या वर्गात यावर मोठा गोंधळ झाला. एकजण म्हणाला, "मॅडम, ते म्हणजे नव्या जीन्सला मुद्दाम भोकं पाडतात तसं झालं."

पाच गाड्या, पाच प्रश्न

आता खऱ्या गोष्टी. प्रत्येक गोष्टीनंतर थांबा आणि मुलांना बोलू द्या.

१. मळकी आणि चकचकीत

मर्सिडीज कंपनीची ३०० एसएल ही गाडी १९५४ ते १९५७ या काळात बनली. साधारण १४०० गाड्या झाल्या. तिची दारं बाजूला उघडत नाहीत, वर उघडतात, समुद्रावरच्या कुरव पक्ष्याने पंख पसरावेत तशी. म्हणून तिला गलविंग म्हणतात. दारं अशी का केली? तर आतला सांगाडा पोलादी नळ्यांचा होता आणि तो दोन्ही बाजूंना इतका उंच आला होता, की नेहमीच्या दाराला जागाच उरली नव्हती. अडचणीतून मार्ग काढता काढता सौंदर्य तयार झालं.

२०१४ च्या जानेवारीत अमेरिकेत स्कॉट्सडेल या गावी एकाच लिलावात अशा दोन गाड्या आल्या. एक पूर्ण जीर्णोद्धार केलेली, नव्यासारखी चमकणारी. दुसरी मळलेली, रंग उडालेली, आतलं कातडं फाटलेलं, पण कोणी हात न लावलेली. चमकणारी विकली गेली सुमारे १४ लाख डॉलरला आणि मळकी सुमारे १९ लाख डॉलरला.

गॅरेजवाल्याच्या मुलाने डोक्याला हात लावला. "पाच लाख डॉलर मळाचे?"

प्रश्न : जास्तीचे पैसे नेमके कशाचे दिले? (आमच्या वर्गातलं मला आवडलेलं उत्तर : "मळकीला कधीही चमकवता येईल. पण चमकवलेलीला परत पहिल्यासारखी मळकी करता येणार नाही.")

जुन्या गाड्यांच्या लोकांत एक विचार कायम सांगितला जातो, की कोणतीही गाडी अस्सल एकदाच असते. आमच्या पोराने तोच विचार आपल्या भाषेत मांडला होता.

२. तळ्यातली गाडी

स्वित्झर्लंड आणि इटलीच्या सीमेवर माज्जोरे नावाचं मोठं सरोवर आहे. त्याच्या तळाशी बुगाटी कंपनीची एक छोटी स्पोर्ट्स कार सत्तर वर्षांहून जास्त काळ पडून होती. २००९ मध्ये स्थानिक पाणबुड्यांनी ती वर काढली. एक बाजू गंजून खाऊन गेलेली. २०१० मध्ये पॅरिसच्या लिलावात ती २,६०,५०० युरोला गेली. ते पैसे एका तरुणाच्या स्मरणार्थ सुरू झालेल्या संस्थेसाठी होते. घेणाऱ्याने ती नवी केली नाही. कॅलिफोर्नियातल्या आपल्या संग्रहालयात तशीच, गंजलेली ठेवली.

प्रश्न : ही गाडी आता चालू शकत नाही. मग ती गाडी आहे का? ती नवी केली असती तर काय मिळालं असतं आणि काय गेलं असतं?

विज्ञानाच्या तासाला इथे गंज शिकवून घ्या. लोखंड, हवेतला ऑक्सिजन आणि पाणी एकत्र आलं की गंज. मात्र मुलांना एक फरक नक्की सांगा. ऊन-वाऱ्याने रंग फिका पडणं, हात लागून कातडं मऊ होणं, ही वयाची खूण. ती गाडीला खात नाही. गंज मात्र आतून खात राहतो. वयाची खूण ठेवता येते, गंज वाढत राहिला तर ठेवायला काही उरणार नाही.

३. कोर्टात गेलेली गाडी

ही गोष्ट मुलांना सगळ्यात जास्त आवडली. बेंटली कंपनीची 'ओल्ड नंबर वन' ही शर्यतीची गाडी. फ्रान्समधली ल मां ची चोवीस तासांची शर्यत तिने १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षं जिंकली. शर्यतीची गाडी म्हटल्यावर भाग मोडणार आणि बदलणारच. नंतर तिच्यात मोठं इंजिन बसवलं. १९३२ मध्ये इंग्लंडच्या ब्रुकलँड्स ट्रॅकवर तिला भीषण अपघात झाला, चालक क्लाइव्ह डनफी त्यात गेला. मग ती पुन्हा बांधली, तीही वेगळ्या बॉडीत.

पुढे ही गाडी १ कोटी पौंडांना विकायचा करार झाला. नंतर घेणारे म्हणाले, ही तर ती गाडीच नाही, जिंकलेल्या गाडीतलं हिच्यात उरलंय काय? प्रकरण लंडनच्या हायकोर्टात गेलं. १९९० मध्ये न्यायमूर्ती ऑटन यांनी निकाल दिला. १९२९ च्या गाडीतले फार थोडे भाग शिल्लक होते, तेव्हा तिला 'मूळ जशीच्या तशी' म्हणता येणार नाही. पण ही गाडी मध्येच कधी संपली आणि तिच्या जागी दुसरी आली, असंही कधी झालं नाही. बदल टप्प्याटप्प्याने, उघडपणे, एकाच गाडीत होत गेले. म्हणून ती खरी 'ओल्ड नंबर वन'च. निकाल मालकाच्या बाजूने लागला.

प्रश्न : भाग बदलले तरी गाडी तीच कशी? (आमच्याकडे एका मुलीने सांगितलं, "आमच्या गावातली नदी तीच आहे, पाणी रोज वेगळं असतं.")

हा प्रश्न दोन हजार वर्षांपूर्वीचा आहे बरं का. ग्रीक लेखक प्लुटार्कने थीसिअसच्या जहाजाची गोष्ट लिहून ठेवली आहे. अथेन्सचे लोक जहाजाची कुजलेली फळी काढून नवी बसवत राहिले. मग ते जहाज तेच राहिलं की दुसरं झालं, यावर तिथल्या विचारवंतांचा वाद रंगायचा.

४. आगीत गेलेल्या नऊ गाड्या

इंग्लंडच्या जग्वार कंपनीने एक्सकेएसएस नावाच्या २५ स्पोर्ट्स कार बनवायला घेतल्या. फेब्रुवारी १९५७ मध्ये कारखान्याला आग लागली. नऊ गाड्या जळाल्या. जगात उरल्या फक्त सोळा. जवळजवळ साठ वर्षांनी, २०१६ मध्ये, कंपनीने जाहीर केलं की त्या राहिलेल्या नऊ गाड्या आम्ही आता बनवणार. जुन्या आराखड्यांवरून, जुन्या पद्धतीने, हाताने.

प्रश्न : कंपनी तीच, आराखडा तोच, पद्धत तीच. मग या नऊ गाड्या अस्सल की प्रतिकृती?

वर्गाचे इथे सरळ दोन तट पडले. मी मध्ये पडले नाही. तुम्हीही पडू नका.

५. गोठ्यासारख्या शेडमधून संग्रहालयात

२०१४ मध्ये जर्मनीत एका जुन्या शेडमध्ये पोर्शे कंपनीची एक गाडी सापडली. नंबर ५७. म्हणजे पोर्शे ९११ या प्रसिद्ध गाडीच्या अगदी सुरुवातीच्या, १९६४ च्या गाड्यांपैकी एक. गंजाने पत्रा गेलेला, पुढचे मडगार्ड गायब. कंपनीच्या संग्रहालयाने ती घेतली आणि तीन वर्षं तिच्यावर काम केलं. जिथे मूळ पत्रा वाचत होता तिथे वाचवला. जिथे वाचत नव्हता तिथे त्याच काळातल्या दुसऱ्या गाडीचा पत्रा वापरला. मूळचा लाल रंग परत दिला आणि २०१७ च्या शेवटी ती लोकांना बघायला ठेवली.

प्रश्न : तळ्यातली बुगाटी तशीच ठेवली, शेडमधली पोर्शे मात्र दुरुस्त केली. दोन्ही निर्णय बरोबर असू शकतात का?

दोन्ही बाजूंचं म्हणणं

आता फळ्याचे दोन भाग करा आणि मुलांकडूनच मुद्दे काढून घ्या.

'आहे तशी ठेवा' म्हणणाऱ्यांचं म्हणणं असं. गाडी हा एक कागदपत्रासारखा पुरावा आहे. त्या काळात रंग कसा लावत, शिलाई कशी घालत, वेल्डिंग कसं करत, हे तिच्यावर लिहिलेलं आहे. अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरातले मेंदूचे शल्यविशारद डॉ. फ्रेड सिमिओनी यांनी आयुष्यभर हीच बाजू मांडली. त्यांच्या संग्रहालयात १९६४ ची कोब्रा डेटोना कूप ही शर्यतीची गाडी जुन्याच रंगात, जीर्णोद्धार न करता ठेवली आहे. अशा फक्त सहा गाड्या बनल्या होत्या. २०१४ मध्ये अमेरिकेच्या ऐतिहासिक वाहनांच्या राष्ट्रीय नोंदवहीत पहिलं नाव लागलं ते याच गाडीचं.

'नवी करा' म्हणणाऱ्यांचं म्हणणंही खोटं नाही. गाडी ही पळण्यासाठी बनवलेली वस्तू आहे. आवाज नाही, वेग नाही, वास नाही, मग ती पुतळाच झाली. शिवाय ज्या अभियंत्याने ती आखली त्याच्या मनात ती चमकणारीच होती, मळकी नव्हती. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सुरक्षितता. साठ वर्षांपूर्वीचा टायर कितीही अस्सल असला तरी त्यावर गाडी चालवायची नाही. ब्रेकचा जुना रबरी पाइप 'ओरिजिनल आहे' म्हणून ठेवला तर जीव जाईल.

अमेरिकेत पेबल बीच इथे जुन्या गाड्यांचं मोठं प्रदर्शन भरतं. १९५० पासून ते चालू आहे. तिथला सर्वोच्च मान वर्षानुवर्षं चकाचक केलेल्या गाड्यांनाच मिळत आला. २०२४ मध्ये पहिल्यांदा तो 'जतन' गटातल्या गाडीला मिळाला. १९३४ ची बुगाटी टाइप ५९, एके काळी बेल्जियमच्या राजाकडे असलेली, वयाच्या सगळ्या खुणा अंगावर घेऊन उभी होती. म्हणजे लोकांची नजरही बदलते आहे.

जुन्या वाहनांच्या जागतिक संघटनेने, फिव्हाने, यावर 'ट्युरिन चार्टर' नावाची नियमावली केली आहे. तिचा सारांश मुलांना चार वाक्यांत सांगता येतो : आधी जतन करा. लागेल तेवढीच दुरुस्ती करा. जे बदललं त्याची खूण आणि नोंद ठेवा. जुनं आणि नवं यात बघणाऱ्याची फसवणूक होऊ देऊ नका.

याचा आपल्याशी संबंध काय?

संबंध आहे. २०२१ मध्ये केंद्र सरकारने विंटेज वाहनांसाठी नियम केला. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात ठेवलेली आणि मोठे फेरबदल न केलेली दुचाकी किंवा चारचाकी विंटेज म्हणून नोंदवता येते. नोंदणीची फी २० हजार रुपये, मुदत दहा वर्षं. नंबर प्लेटवर राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' ही अक्षरं येतात. अशी गाडी रोजच्या वापराला काढायची नाही. प्रदर्शन, रॅली, देखभाल अशा कारणांसाठीच रस्त्यावर आणायची. म्हणजे 'मूळ स्वरूप' हा शब्द आता आपल्या कायद्यातही आला.

दुसरा संबंध आपल्या अजिंठ्याचा. ट्युरिनची नियमावली ज्या धर्तीवर झाली ती १९६४ ची व्हेनिस नियमावली, जुन्या वास्तू कशा सांभाळाव्यात याविषयीची. अजिंठ्याच्या चित्रांचं काय झालं बघा. १९२० च्या सुमाराला निजाम सरकारने इटलीहून तज्ज्ञ बोलावले. त्यांनी चित्रं टिकावीत म्हणून त्यांवर लाखेचं वॉर्निश दिलं. हेतू चांगलाच होता. पण काही वर्षांनी ते वॉर्निश पिवळं पडलं, त्यावर धूळ बसली, चित्रं काळवंडली. मग पुरातत्त्व खात्याला ते थर हळूहळू काढत बसावं लागलं. चांगल्या हेतूने लावलेला हातसुद्धा नुकसान करू शकतो. म्हणून जे परत काढता येईल असंच काम करावं, हा जतनाचा एक मोठा नियम आहे.

वर्गात घ्यायचा उपक्रम

१) प्रत्येक मुलाने घरातली एक जुनी वस्तू निवडावी. शक्यतो दुरुस्त झालेली. कंदील, जातं, शिलाई मशीन, सायकल, काहीही.

२) मोठ्यांना विचारून तीन रकाने भरावेत : मूळचं काय आहे? बदललेलं काय? कधी आणि का बदललं?

३) वस्तूवर वयाच्या खुणा कोणत्या आणि गंज (म्हणजे वाढत जाणारं नुकसान) कोणता, ते वेगवेगळं लिहावं.

४) शेवटी पाच ओळी : ही वस्तू माझ्या ताब्यात आली तर मी काय करेन?

आमच्याकडे एका मुलाने आजोबांची सायकल आणली. सीट बदललेलं, चेन बदललेली, टायर कितीदा बदलले याची गणती नाही. मूळची फक्त फ्रेम आणि घंटी. त्याने लिहिलं होतं, "घंटी वाजत नाही. पण घंटी मी बदलणार नाही." गॅरेजवाल्याच्या मुलाने सुचवलं, "आतली स्प्रिंग तेवढी नवी टाकू, वरची वाटी तीच ठेवू." म्हणजे ट्युरिनच्या नियमावलीत जे आहे ते त्याने शेजारच्या बाकावर बसून सांगितलं!

आणि माझा धडा

आता शेवटचं. हे लिहायला थोडं जड जातंय, पण शिक्षक वाचणार आहेत म्हणून लिहिते.

हा पाठ घेऊन झाल्यावर मी मुलांच्या वह्या तपासायला घेतल्या आणि मला मागच्या वर्षीची गोष्ट आठवली. आम्ही भित्तिपत्रक काढलं होतं. एका मुलीने आईवर निबंध लिहिला होता. "माही माय वावरात जाते. सांजीला येते तवा तिच्या हाताला कापसाचा वास येतो." असं काहीसं. पालक सभेला साहेब येणार होते. मी बसून सगळं 'शुद्ध' केलं. मायची आई केली, वावराचं शेत केलं, सांजीची संध्याकाळ केली. कापसाचा वास काढून टाकला आणि 'कष्टाळू' हा शब्द घातला. अक्षरही माझंच, सुबक.

सभेच्या दिवशी तिची आई आली. भित्तिपत्रकासमोर उभी राहिली आणि मुलीला म्हणाली, "तुहा कोन्ता?" मुलगी म्हणाली, "माहा हितं नाई. वहीत हाये. हा मॅडमचा हाये." ती रागावून बोलली नाही, साधं सांगितलं. मी ऐकलं, आणि तेव्हा मनावर घेतलं नाही. साहेबांनी भित्तिपत्रकाचं कौतुक केलं होतं ना!

स्कॉट्सडेलच्या त्या दोन गाड्या मुलांना सांगताना मला ते भित्तिपत्रक दिसत होतं. मी मूळ रंग खरवडून चकाचक पॉलिश मारलं होतं. आणि ते परत काढता येणार नव्हतं, कारण तिची वही वर्षाच्या शेवटी रद्दीत गेली.

याचा अर्थ मुलांच्या चुका तशाच ठेवायच्या का? नाही. ब्रेकचा पाइप बदलावाच लागतो. ज्या चुकीमुळे वाक्याचा अर्थच कळत नाही, ज्या गणितामुळे पुढचं सगळं चुकतं, ती दुरुस्त करायलाच हवी. प्रमाण भाषाही शिकवायलाच हवी, मुलांना पुढे तिची गरज आहे. पण घरची बोली, स्वतःचं निरीक्षण, वाकडंतिकडं पण स्वतःचं अक्षर हा गंज नाही. ती त्या मुलाची खूण आहे. गंज कोणता आणि खूण कोणती, हे ओळखणं हेच आपलं काम.

तेव्हापासून मी तीन गोष्टी करते. एक, मूळ लिखाण खोडत नाही. दुरुस्ती समासात, पेन्सिलने. दोन, भित्तिपत्रकावर मुलाच्याच अक्षरातला कागद लावते. प्रमाण भाषेतला शब्द हवा असेल तर खाली 'वावर म्हणजे शेत' अशी टीप मुलांकडूनच लिहून घेते. तीन, बदल करायचाच असेल तर मुलाला विचारून करते.

पालकहो, तुम्हालाही एक विनंती. विज्ञान प्रदर्शनाचं मॉडेल तुम्ही रात्री जागून बनवता, ते सुंदर होतं, बक्षीसही मिळतं. पण पुठ्ठा वाकडा कापलेला असला तरी तो मुलाने कापलेला असू द्या. तुम्ही फक्त ब्लेड सांभाळा.

त्या मुलीला मी या वर्षी पुन्हा आईवर लिहायला सांगितलं. तिने आधी विचारलं, "मॅडम, माय लिहू का आई?" मी म्हटलं, "तू घरी काय म्हणतेस?" तिने लिहिलेला कागद आता वर्गाच्या दाराजवळ लावला आहे. तिसऱ्या ओळीत एक वेलांटी चुकली आहे. बाजूला पेन्सिलने बरोबर वेलांटी आहे, तिनेच केलेली.

हा पाठ तुमच्या वर्गात घेतलात तर मुलांनी काय उत्तरं दिली ते जरूर कळवा. विशेषतः त्या नऊ जग्वार गाड्यांबद्दल. आमच्या वर्गातले दोन तट अजून मिटलेले नाहीत!